रात्री किती डाव उठता?

जब्बारभाईंची आणि माझी ओळख भांडणानं झाली, आणि चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो.

मी अंजनगाव सुर्जीच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून नुकताच बदलून आलो होतो. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा लिहायच्या, भोंग्यावर गाड्या पुकारायच्या आणि दिवसभर लोकांचं बोलणं खायचं, असं ते काम. बाजाराचा दिवस होता. एक गृहस्थ तणतणत खिडकीशी आले आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या पुरुषांच्या मुतारीजवळ एक म्हातारा उभा राह्यते आन् मानसं मोजते. हे काय चालू हाये?”

मी आधीच तापलेला. अकोटची गाडी पाऊण तास उशिरा होती. उठलो आणि तरातरा तिकडे गेलो. मुतारीच्या भिंतीला लागून सत्तरीकडे झुकलेला, पांढऱ्या दाढीचा, ताठ माणूस. अंगात एसटीचा जुना खाकी शर्ट, बिल्ले काढलेला. एका हातात सिमेंटचं रिकामं पोतं, दुसऱ्यात वाकवलेली सळई. सळईच्या टोकानं तो खर्र्याच्या, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या, रिकाम्या पन्न्या उचलत होता.

“ओ चाचा, इथं काय करून राह्यले?” मी खेकसलो.

“कचरा वेचून राह्यलो. तुमाले दिसून नाई राह्यला काय?” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. मग हळूच, “थांबा एक मिनिट. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.”

भिंतीकडे तोंड केलेला एक धोतरवाला तेवढ्यात वळला. जब्बारभाई पोतं घेऊन त्याच्या मागं गेले आणि पाण्याच्या टाकीपाशी त्याला गाठून अगदी सलगीनं म्हणाले, “भाऊ, राग नोका येऊ देऊ. रात्री किती डाव उठता?”

रात्री किती वेळा उठता, हे अनोळखी माणसाला विचारतो म्हणजे याचं डोकं फिरलेलं आहे, असं मला वाटलं. मी तसं बोललोही, चारचौघांत. ते रागावले नाहीत. त्यांनी सळई माझ्या पायाकडे केली. “पाय उचला साहेब. पन्नीवर उभे हाये तुमी.”

ते कोण, हे मला आगारातल्या जुन्या लोकांनी सांगितलं. जब्बारभाई रिटायर्ड कंडक्टर. परतवाडा-अकोला मार्गावर काशीराव ड्रायव्हर आणि जब्बारभाई कंडक्टर, सतरा वर्षं एकच जोडी. पुढची गोष्ट ते स्वतःच भेटेल त्याला सांगत, आवाज न चढवता, तिकिटाचे टप्पे सांगावेत तशी. काशीराव मधेच गाडी थांबवायला लागले. कुठं निंबाखाली, कुठं पुलाच्या अलीकडे. उतरायचे, बराच वेळ उभे राहायचे, परत चढायचे. प्रवासी कुरकुरले. तेव्हा जब्बारभाईंनी भर गाडीत सांगितलं, “बसा बसा, डायवर साहेबाची टाकी लिक झाली.” सगळी गाडी हसली. त्या दिवसानंतर काशीरावांनी गाडी थांबवली नाही. पाणी पिणंच सोडलं. पुढं कंबर धरली, ती ड्रायव्हरच्या सीटमुळं असं सगळ्यांनी ठरवलं. पट्टे झाले, तेल झालं. लघवीच्या पिशवीखालच्या गाठीचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा तो हाडात उतरला होता.

“मी हासलो आन् तो मेला,” असं म्हणून जब्बारभाई ती गोष्ट संपवत.  मग ते विचारत, “तुमी किती डाव उठता?”

त्यांच्या कचरा वेचण्यामागं पक्का हिशेब होता. नुसता हात हलवत माणूस मुतारीशी उभा राहिला तर मार खाईल. हातात पोतं असलं की कुठंही उभं राहता येतं, कोणी विचारत नाही. मग मनातल्या मनात मोजायचं, माणसं नव्हे, कोणाला मोकळं व्हायला किती वेळ लागतो ते. शिवाय बाया तिकडे फिरकत नाहीत, म्हणून पुरुष जरा मोकळा असतो. आणि खरी गोम पुढं होती. ज्याच्याशी बोलायचं त्यालाही ते कामाला लावत. “दोन पन्न्या उचला आधी, मंग बोलू.” माणूस वाकला की त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही आणि मग तो खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. मी हसलो होतो यावर. पण खिडकीतून बघत असे. चांगले मिशाळ, फेटेवाले लोक खाली वाकून पन्न्या गोळा करताहेत आणि जमिनीशीच बोलावं तसं काहीतरी पुटपुटताहेत. जब्बारभाई शेजारी वाकलेले. तपासणीला अमरावतीला कुठं जायचं, हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून देत. वर सांगत, “उठा लागते म्हंजे कॅन्सरच हाये असं नाई बरं. बहुतेकाची गाठ साधीच राह्यते. पन हे तपासल्याबिगर ना तुमाले समजत, ना मले.”

शब्दावरून मात्र त्यांची फार पंचाईत झाली. दवाखान्यातल्या तक्त्यावर त्या गाठीला, प्रोस्टेटला, ‘पौरुषग्रंथी’ असं छापलेलं असायचं. तो शब्द त्यांनी एकदाच वापरून पाहिला. ऐकणारा उठून गेला, जाताना शिवी देऊन. पौरुषाला काही झालंय हे कोण कबूल करणार? मग त्यांनी आपला शब्द काढला, सुपारी. गाठ असते सुपारीएवढी, म्हणून सुपारीचा कॅन्सर. आता आमच्या वऱ्हाडात अर्ध्या लोकांच्या गालात चोवीस तास खर्रा, हे वेचतात खर्र्याच्याच पन्न्या आणि बोलतात सुपारीच्या कॅन्सरबद्दल. झालं. लोक येऊन त्यांच्यापुढं ‘आ’ करून उभे राहायला लागले. एकानं तर “तुमच्यामुळं खर्रा सोडला, आता चिंता नाई” असं हात जोडून सांगितलं. जब्बारभाई कपाळाला हात लावून मला म्हणाले, “याले मी खाली पाह्य म्हनतो, हा वर दाखवते.” तेव्हा प्रथमच मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

एकदा मारही खाल्ला त्यांनी. “काय पाह्यतो बे?” म्हणून एका जवान गड्यानं थोबाडीत मारली. मी धावत गेलो, पोलीस बोलावतो म्हणालो. ते टोपी झटकत म्हणाले, “जाऊ द्या. याचं वय नाई अजून.” आणि सांडलेलं पोतं पुन्हा भरायला लागले. मला त्यांचा संताप आला. इतका कसा माणूस सोसतो, कोणत्या गुन्ह्याची शिक्षा घेतल्यासारखा? तेव्हा मला काय माहीत होतं.

ती वर्षंच वाईट होती. कापसाचं जे झालं ते झालं, पण त्याहून वाईट म्हणजे घराघरात बायका आपल्या माणसावर पाळत ठेवायला लागल्या होत्या. नवरा जरा गप्प झाला, जेवला नाही, की फवारणीचा डबा लपवायचा. गावात कोणी ‘पिलं’ म्हटलं तर काय पिलं हे विचारायची गरज नव्हती.

अशात माझ्या ताईचा आगारात फोन आला. ताई तेल्हाऱ्याकडच्या एका गावी दिलेली. भाऊजींचा पानमळा, वर संत्र्याची थोडी झाडं, कोणाचं देणं नाही. 

“तुये भाऊजी रात्री उठून बाहीर जाते रे. चार चार डाव. इचारलं तं डोये वटारते. जेवन तुटलं, पानी बी नाई घेत. मले भेव लागून राह्यलं.”

“फवारणीचा डबा?”

“कोठीत घालून कुलूप लावलं.”

“मग घराच्या दारालाही लाव,” मी म्हणालो. “आतून. किल्ली उशाखाली ठेव. रात्री सोडूच नको बाहेर.”

ही अक्कल माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

चौथ्या दिवशी चहा पिताना मी हे जब्बारभाईंना सांगितलं, काळजी म्हणून, सल्ला म्हणून नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

“बाहीर जाऊन ते करते काय?”

“म्हणजे?”

“कोनी पाह्यलं काय, बाहीर जाऊन करते काय ते?”

 कोणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी मनातच ठरवून टाकलं होतं.

“संडास कुठं हाये त्यायचा?”

“परसात.”

“आन् तुमी दाराले कुलूप लावाले सांगतलं.” ते उठले. “चाला साहेब. आत्ताच्या आत्ता. रजा मांडा नाईतं नोका मांडू.”

अकोटची गाडी मिळाली, तिथून तेल्हाऱ्याची.  वाटेत मी दोनदा काही बोलायला गेलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

घरासमोर गर्दी होती, ती सारत मी शिरलो. आत भाऊजी बाजेवर अर्धवट बसलेले, तोंड पांढरं, कपाळावर घामाचे थेंब. ताई त्यांच्या तोंडाला नाक लावून वास घेत होती. शेजारचे दोघं त्यांचे खांदे धरून होते आणि तिसरा तांब्यानं मिठाचं पाणी पाजत होता, उलटी व्हावी म्हणून. दोन तांबे आधीच पाजून झाले होते.

“पिले नाई मी काई,” भाऊजी दातओठ खाऊन म्हणत होते. “सोडा मले.”

“सारेच असं म्हनते,” कोणीतरी मागून बोललं.

जब्बारभाईंनी तो तांब्या हिसकून बाहेर फेकला. पाण्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर आले. “बंद करा पानी. मारता काय मानसाले?” त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. सगळे सरकले. मग ते भाऊजींपाशी बसले, बेंबीखाली हलकेच हात ठेवला. पोट मडक्यासारखं टणक झालेलं. कानाशी वाकून त्यांनी विचारलं, “कवापासून झाली नाई, भाऊ?”

भाऊजींनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “काल संध्याकाळपासून. दाराले कुलूप होतं. रातभर दाबून धरली, सकायी गेलो तं उतरेच ना.”

“मांगाची नाई काय किल्ली?”

“कशासाठी म्हनून मांगू? पोरगी झोपली व्हती तिथं. सून व्हती.”

मी भिंतीला टेकून उभा होतो. ताई माझ्याकडे बघत होती. तिनं तेव्हाही आणि नंतरही मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

अकोल्यापर्यंत जीपमध्ये भाऊजी प्रत्येक खड्ड्याला कण्हत होते. तिथं नळी घातल्यावर त्यांनी जो श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतो. पण डॉक्टरांनी तपासलं तेव्हा गाठ साधी वाटली नाही. रक्त घेतलं, सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट यायला दिवस लागले आणि ते दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. जब्बारभाई अकोल्यातच थांबले, एका जुन्या ड्रायव्हरच्या घरी. रोज सकाळी दवाखान्याच्या आवारातला कचरा वेचत. एक परिचारिका वैतागून म्हणाली, “चाचा, आमची माणसं आहेत झाडायला.” ते म्हणाले, “मालूम हाये बेटा. पन मले नुसतं बसवत नाई.”

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आजार गाठीच्या बाहेर निघाला आहे, पण अजून आवरता येईल. ज्या रसावर हा कॅन्सर पोसतो तो अंडकोषात तयार होतो. ते काढून टाकायचे. इंजेक्शनंही असतात, पण ती जन्मभर न चुकता घ्यायची, आणि भाऊजी ती चुकवणार हे डॉक्टरांनी त्यांचा चेहरा पाहूनच ओळखलं होतं. जाताना ते ताईला म्हणाले, मुलांनाही चाळिशीनंतर तपासत चला, हे घराण्यात असू शकतं.

डॉक्टर गेल्यावर भाऊजींनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाले, “मले बडवता काय?”

बैल बडवणं काय असतं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत. गोऱ्ह्याला पाडून, पाय बांधून खच्ची करायचं. भाऊजींनी स्वतः किती गोऱ्ह्यांचे पाय धरले असतील. “मेलो तं मेलो,” ते म्हणाले. “असाच मरीन. चाला घरी.” आणि नळीसकट उठायला लागले. ताई रडायला लागली. मी हात जोडले, रागावलो, घराची शपथ घातली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

जब्बारभाई खाटेच्या पायथ्याशी बसले होते. म्हणाले, “भाऊ, एक सांगतो. हे मी आजलोक कोनालेच नाई सांगतलं.”

मग काशीरावांची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, पण शेवट वेगळा होता. काशीरावांनाही डॉक्टरनं हेच सांगितलं होतं. हाडात गेलंय, पण हे केलं तर काही वर्षं मिळतील, दुखणं हटेल. काशीरावांनी बायकोला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही. एकट्या जब्बारभाईंना विचारलं, आगाराच्या पायरीवर बसून, काय करू म्हणून.

“मी म्हनलो, मर्द मानूस असं कापून घेते काय? गावात काय तोंड दाखवशील?” जब्बारभाईंचा आवाज तसाच सपाट होता. “तो नाई म्हनून आला डॉक्टरले. आठ महिन्यात गेला. मी हासलो म्हनून नाई मेला तो. मी सांगतलं म्हनून मेला.”

 मी त्यांच्याकडे बघूही शकलो नाही. इतकी वर्षं हा माणूस अर्धी गोष्ट सांगत फिरत होता आणि उरलेली अर्धी पोटात घेऊन मुतारीशी उभा राहत होता.

भाऊजी भिंतीकडेच बघत म्हणाले, “लय दुखलं काय त्याले?”

“लय. शेवटी कूस बदलता येत नव्हती. मीच बदलून देत होतो.”

पंखा कुरकुरत होता. बाहेर कोणीतरी कोणाला जेवणाच्या डब्यासाठी हाका मारत होतं.

“बडवलेला बैल तं दहा-बारा वर्स जुतते,” भाऊजी भिंतीला म्हणाले. मग ताईकडे वळून, “आन तो कागद. सही कुठं कराची?”

ऑपरेशन झालं. भाऊजी आज पानमळ्यात काम करतात आणि मला फोनवर शिव्याही देतात, यातच सगळं आलं. वर्षभरानं तेल्हाऱ्याच्या बाजारात तेही एक पोतं घेऊन उभे राहायला लागले. त्यांची पद्धत आडदांड. “माये काढले. तुये राह्यले हाये तवरी तपासून घे,” असं ते सरळ सांगतात. जब्बारभाईंना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढं माझी बदली अकोल्याला झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी जब्बारभाई खिडकीशी आले. धुतलेला कुर्ता, डोळ्यांत सुरमा. म्हणाले, “मायासंग अचलपूरले चाला, साहेब. काशीरावच्या घरी. भाभीले सांगाचं हाये. एकट्यानं जायची हिंमत नाई.”

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी कशाला? ते म्हणाले, “तुमच्या भाऊजीले सांगतलं. परक्याले सांगतलं. तिले नाई सांगतलं.”

रुखमावहिनी, म्हणजे काशीरावांच्या घरच्या, ओसरीवर गहू निवडत होत्या. अंगणात त्यांचा मुलगा सुनील मोटारसायकल धूत होता. चाळिशी पार केलेला, काशीरावांसारखाच रुंद. आमच्याकडे बघून मान हलवली आणि परत चाक घासायला लागला.

जब्बारभाईंनी पाणी घेतलं नाही, बसलेही नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. पायरी, प्रश्न, आपलं उत्तर. सांगताना ते वहिनींच्या सुपातल्या गव्हाकडे बघत होते.  मला वाटत होतं, ही बाई आता सूप फेकेल, शाप देईल, आणि दिला तर तो योग्यच असेल.

वहिनींचे हात थांबले नाहीत. एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

“मालूम हाये मले,” त्या म्हणाल्या. “त्यायनं सांगतलं होतं, जायच्या आधी.”

जब्बारभाईंनी प्रथमच गव्हावरची नजर उचलली.

“मंग इतके वर्स... दर ईदले मी आलो, तुमी शिरखुर्मा घेतला मायाहातचा. बोलल्या काऊन नाई?”

“लय राग होता. पयले दोन वर्स तो शिरखुर्मा मी गायीले घातला.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “मंग आयकू आलं, तुमी स्टँडवर लोकायले इचारत फिरता म्हनून. लोकायच्या लाता खाता म्हनून. मंग मी खाल्ला.”

जब्बारभाई मटकन ओसरीच्या कडेला बसले. मी बाहेर बघायला लागलो. थोड्या वेळानं वहिनींचा आवाज आला, आता अगदी खालचा.

“जब्बारभाई, तुमी जगाले इचारता. माया सुनीलले इचारा. रात्री कडी वाजते त्याच्या खोलीची. मले पडल्या पडल्या आयकू येते. मले नाई सांगत तो. बायकोले बी नाई सांगत.”

मी जब्बारभाईंना शेवटचं पाहिलं ते त्या अंगणात. पुढल्या उन्हाळ्यात ते गेले, झोपेत, आणि मला अकोल्यात दोन दिवसांनी कळलं. पण मला आठवतं ते त्या दुपारचं. गुडघ्यावर हात देऊन ते उठले, पायऱ्या उतरले आणि सुनीलशेजारी चिखलात उकिडवे बसले, धुतलेल्या कुर्त्यानं. काय बोलले ते ऐकू येत नव्हतं. सुनीलनं मान वर केली नाही. चाक घासणं चालूच होतं. मग ते थांबलं. नळाचं पाणी तसंच वाहत होतं. सुनीलनं त्यांच्याकडे न बघता ओला हात जरासा वर केला. तीन बोटं. थोडं थांबून अजून एक.

वहिनींना ओसरीवरून दिसत नव्हतं. सूप मांडीवर धरून त्यांनी मला विचारलं, “किती?”

“चार,” मी म्हणालो.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आत गेल्या आणि अमरावतीची गाडी कितीला ते विचारत सुनीलचा इस्तरीचा शर्ट घेऊन बाहेर आल्या.